लेखणीसाठी आठ वर्षांची सजा : गोव्याचे टी. बी. कुन्हा

जुलै १९४६. गोव्यात पोर्तुगीज सरकारने पंचावन्न वर्षांच्या एका माणसाला लष्करी न्यायालयासमोर उभे केले. हा माणूस सैनिक नव्हता, की हाती बंदूक घेणाऱ्यांतलाही नव्हता. शिकला होता विजेचे इंजिनिअरिंग, आणि उभे आयुष्य गेले होते लिहिण्यात. गोव्यात लष्करी कोर्टापुढे खटला चाललेला पहिला नागरिक म्हणून त्याचे नाव आजही सांगितले जाते. शिक्षा झाली आठ वर्षांची. तीही गोव्यातल्या तुरुंगात नव्हे, तर समुद्रापलीकडे, थेट पोर्तुगालमधल्या किल्ल्यात.

त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा हे त्यांचे नाव. गोव्यात आणि मुंबईत ते टी. बी. कुन्हा म्हणूनच ओळखले गेले. गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक असा त्यांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत आणि भाषणांत होतो. पण त्यांनी नेमके काय लिहिले, आणि त्या लिखाणाची सालाझारच्या सरकारला एवढी धास्ती का वाटली, हे सांगणारे कमीच भेटतात. बेळगाव, कारवार, सावंतवाडीकडच्या जुन्या पिढीला गोव्याचा लढा म्हटला की सत्याग्रहींच्या तुकड्या आठवतात, पत्रादेवीचा गोळीबार आठवतो. हा सत्याग्रह सुरू व्हायच्या कितीतरी आधी, जवळजवळ एकट्याने, कागदावर हा लढा लढणारा माणूस मात्र थोडा मागेच राहिला.

चांदरचा मुलगा पॅरिसला

जन्म २ एप्रिल १८९१ चा, सासष्टीतल्या चांदर गावचा. मूळ घराणे कासावलीकडचे. कॅथलिक, सुशिक्षित, प्रतिष्ठित. अशा घरांत त्या काळी मुलांची वाट ठरलेली असे. पोर्तुगीज शाळा, मग वकिली किंवा डॉक्टरकी, जमले तर लिस्बन किंवा कोइंब्राची पदवी, आणि शेवटी सरकारी मानमरातब. कुन्हा यांनी सुरुवातीलाच वेगळी दिशा धरली. पणजीचे शिक्षण आटोपून ते गेले पाँडिचेरीला. ती फ्रेंचांची वसाहत. तिथे फ्रेंच भाषेत शिक्षण झाले आणि मग पॅरिस गाठून त्यांनी विजेच्या इंजिनिअरिंगची पदवी घेतली.

तसे पाहिले तर हा योगायोगच म्हणायचा, पण फार उपयोगी पडलेला. लिस्बनला गेले असते, तर गोव्याकडे पाहण्याचा चष्मा पोर्तुगालचाच राहिला असता. पॅरिसमध्ये त्या वर्षांत जगभरच्या वसाहतींमधले तरुण जमलेले होते. पुढे हो चि मिन्ह या नावाने गाजलेला व्हिएतनामी तरुण तिथेच होता, चीनचे चाऊ एन लायही काही काळ तिथेच होते. रोमाँ रोलाँ यांचे गांधीजींवरचे पुस्तक १९२४ साली फ्रेंचमध्ये आले आणि युरोपात गांधी हे नाव घरोघरी गेले. या हवेत कुन्हा यांनी फ्रेंच पत्रांतून भारताच्या स्वातंत्र्यलढ्यावर लिहायला सुरुवात केली. इंग्रजांची वृत्तसंस्था जे सांगेल तेच युरोपला कळत होते, त्या काळात एक गोवेकर फ्रेंच वाचकांना भारताची दुसरी बाजू सांगत होता. गोव्याचा प्रश्न हा भारताच्या प्रश्नाचाच तुकडा आहे, हे त्यांचे मत तिथेच पक्के झाले आणि मरेपर्यंत बदलले नाही.

१९२६ साली ते गोव्यात परतले. नेमके त्याच वर्षी मे महिन्यात पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता घेतली.

छापण्याआधी परवानगी

याचा अर्थ काय, ते समजायला थोडे मागे जावे लागते. १९१० साली पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले होते. त्या सोळा वर्षांत गोव्याने जरा मोकळा श्वास घेतला. हिंदूंना कायद्याने बरोबरी मिळाली, वर्तमानपत्रे निघाली, बोलायला लिहायला वाव मिळाला. चांदरच्याच लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी याआधी, १९०० साली, ओ हेराल्दो हे गोव्यातले पहिले पोर्तुगीज दैनिक सुरू करण्यात वाटा उचलला होता. पुढे १९११ मध्ये त्यांनी ओ देबाते काढले, १९२८ मध्ये प्रकाश. नात्याने ते कुन्हा यांचे मेहुणे. तिकडे केप्याला गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे भारत हे पत्र १९१२ पासून निघत होते आणि त्यापायी हेगडे देसाईंच्या मागे कोर्टकचेऱ्या लागल्या होत्या. गोव्यातल्या मराठी पत्रकारितेचा इतिहास लिहायचा तर हे नाव वगळून चालत नाही.

हे सगळे १९२६ नंतर आवळत गेले. १९३२ साली सालाझार पंतप्रधान झाला आणि दोरी पुरतीच गळ्याशी आली. वर्तमानपत्राचा मजकूर छापण्याआधी सेन्सॉरकडे पाठवायचा. तिकडून काट मारून येईल तेवढाच छापायचा. सभा घ्यायची तर परवानगी, संस्था काढायची तर परवानगी. लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापखान्यात जात नसे. ही गंमत म्हणून सांगायची गोष्ट नाही. जिथे लग्नपत्रिकेला मंजुरी लागते, तिथे अग्रलेखाचे काय होत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

१९३० च्या वसाहतविषयक कायद्याने तर लिस्बनने उघडच सांगून टाकले की वसाहती बाळगणे आणि तिथल्या लोकांना सुधारणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे जणू जन्मजात काम आहे. मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात उभे राहून याविरुद्ध ठराव मांडला. गोव्याच्या लोकांनी स्वतःचे भवितव्य ठरवण्याचा हक्क सोडलेला नाही, असा त्याचा आशय होता. पुढे त्यांचे प्रकाश सेन्सॉरच्या जाचाने बंद पडले आणि १९३८ साली ते गेले.

कुन्हा यांनी या कोंडीतून वाट काढली ती अशी. १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली आणि त्याच वर्षअखेरीच्या कलकत्ता अधिवेशनात तिला राष्ट्रीय काँग्रेसची मान्यता मिळवली. मोतीलाल नेहरू त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. कमिटीचे काम म्हणजे मोर्चे नव्हेत. तेवढे बळही नव्हते. काम होते माहितीचे. गोव्यात जे छापता येत नाही ते गोव्याबाहेर छापायचे. पुस्तिका काढायच्या, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांना बातम्या पुरवायच्या. पोर्तुगीज सेन्सॉरची कात्री सीमेपर्यंतच चालते, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली होती. हद्दीच्या पलीकडून बोलायचे ही युक्ती पुढे गोव्याच्या लढ्यात शेवटपर्यंत वापरली गेली. १९५५ नंतर आंबोलीच्या आणि कॅसलरॉकच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालवलेले गुप्त आकाशवाणी केंद्र हेही त्याच वाटेवरचे.

याच काळातला एक विषय मुद्दाम सांगायला हवा. गोव्यातल्या गरीब कुणब्यांना मजूर म्हणून आसामच्या चहामळ्यांवर नेले जात होते. तिथे त्यांचे हाल होत. कुन्हा यांनी हा प्रश्न उचलून धरला, त्यावर लिहिले, आवाज उठवला. जमीनदार घरातल्या माणसाने कुणब्यांसाठी लेखणी झिजवावी, हे त्यांच्याच वर्तुळातल्या अनेकांना रुचण्यासारखे नव्हते.

१९३४ मध्ये काँग्रेसने धोरण बदलले. ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरच्या कमिट्यांची संलग्नता काढली गेली आणि गोव्याची कमिटीही त्यात गेली. इंग्रजांशी लढणाऱ्या काँग्रेसला पोर्तुगीजांशी दुसरी आघाडी उघडायची नसावी. कारण काही का असेना, गोव्यातले कार्यकर्ते उघड्यावर पडले. पुढे १९३८ साली मुंबईत गोवा काँग्रेस कमिटी पुन्हा उभी करावी लागली. कुन्हा यांनी लिहिणे थांबवले नाही.

आपल्याच माणसांना दुखावणारी पुस्तिका

१९४४ साली त्यांची सगळ्यात गाजलेली पुस्तिका आली. इंग्रजीत लिहिलेली. गोवेकरांचे राष्ट्रीयत्व कसे पुसले गेले, हा तिचा विषय. नाव इंग्रजीत डीनॅशनलायझेशन ऑफ गोअन्स. पुस्तिका छोटीच आहे, पण गोव्याच्या राजकीय लिखाणात एवढी बोचरी गोष्ट त्याआधी फारशी कुणी लिहिली नव्हती.

पोर्तुगीजांना शिव्या देणे मुंबईत बसून सोपे होते. कुन्हा यांनी तेवढ्यावर भागवले नाही. त्यांनी बोट दाखवले ते गोव्याच्या उच्चवर्गाकडे, म्हणजे स्वतःच्याच घरादाराकडे, स्वतःच्याच नातेवाइकांकडे. साडेचारशे वर्षांच्या राजवटीने जमीन जिंकली ती जिंकलीच, पण त्याहून मोठे काम केले ते माणसाच्या मनावर. धर्मांतर, इन्क्विझिशन, पोशाखावर आणि चालीरीतींवर घातलेली बंधने, मातृभाषेची गळचेपी या सगळ्यांतून एक असा वर्ग तयार झाला, की ज्याला आपल्या गुलामीचाच अभिमान वाटू लागला. पोर्तुगीज नाव, पोर्तुगीज पेहराव, पोर्तुगीज बोलणे हाच मोठेपणा. आपण हिंदुस्थानी नव्हे, आपण लॅटिन संस्कृतीचे, अशी समजूत. कुन्हा यांच्या मते हीच पोर्तुगीज सत्तेची खरी फौज होती. एवढ्याशा देशाला एवढ्या लांबवर राज्य टिकवता आले, ते तोफांच्या जोरावर नव्हे.

इतिहासाचे दाखले त्यांच्या बाजूने होते. गोव्यातले इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चालले. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक लोकांनी ठरावीक मुदतीत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूमच दिला होता. ते फर्मान प्रत्यक्षात फारसे पेलवले नाही, पण भाषा म्हणजे घरातल्या नोकराचाकरांशी बोलायची गोष्ट, ही भावना मात्र वरच्या थरात मुरली. तिकडे देवळांभोवती, भजनात, कीर्तनात, खासगी शाळांत हिंदू गोवेकरांनी मराठी जपली. म्हणजे एकाच गावात शेजारी राहणाऱ्या माणसांच्या वाचनाच्या भाषा वेगळ्या झाल्या. कोकणी की मराठी हा वाद पुढे गोव्यात किती पेटला, ते सीमाभागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्या वादात कोणतीही बाजू घ्या, लोकांच्या भाषा त्यांच्यापासून तोडण्याचे काम आधी कुणी केले हा प्रश्न उरतोच.

सुवर्ण गोव्याची दंतकथाही त्यांना मान्य नव्हती. सोन्याचा गोवा असता, तर पोटासाठी गोवेकरांचे लोंढे मुंबईला का जात होते? स्वयंपाकी, बटलर, आया, बोटीवरचे खलाशी, बँडमधले वादक, कारकून अशी मुंबईत सगळीकडे गोव्याची माणसे होती. घर चालत होते ते त्यांनी पाठवलेल्या मनिऑर्डरींवर. ज्या ब्रिटिश हिंदुस्थानाला गोव्याचे बडे लोक परका देश म्हणत, त्याच देशाच्या पैशावर गोव्याची चूल पेटत होती.

या लिखाणाची एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. परकीय भाषेने आणि परकीय शिक्षणाने गोवेकराला आपल्या मातीपासून तोडले, हे सांगणारा माणूस स्वतः पाँडिचेरी आणि पॅरिसला शिकलेला होता, आणि हे सगळे तो सांगत होता इंग्रजीत. त्याचे महत्त्वाचे लेखन फ्रेंच, पोर्तुगीज आणि इंग्रजीतच आहे. ज्या कुणब्यांसाठी तो भांडला, त्यांच्यातल्या कुणाला ते वाचता आले नसते. मराठी वाचकांपर्यंतही ते फारसे पोचले नाही. ज्या रोगाचे निदान केले, त्याची खूण त्यांच्या स्वतःच्या अंगावरही होती. पण दुसऱ्या बाजूने पाहिले, तर हे निदान बाहेरच्या माणसाने केले असते तर ते कुणी ऐकलेही नसते. त्या वर्गाची नस त्या वर्गातल्याच माणसाला सापडली. आणि तो वर्ग वाचत होता इंग्रजी आणि पोर्तुगीजच.

सालाझारला हे लिखाण झोंबण्याचे कारणही इथेच आहे. लिस्बनचा जगापुढचा दावा असा, की गोवा हा कॅथलिक आणि मनाने पोर्तुगीज आहे, भारतात जायची हौस आहे ती थोड्याशा हिंदू चळवळ्यांना. मुळात गोव्यात तेव्हा हिंदूंची संख्याच जास्त होती, ही गोष्ट बाजूला ठेवली तरी कुन्हा, लोयोला, मिनेझिस ब्रागांझा ही नावे त्या दाव्याला सुरुंग लावत होती. नावाने, धर्माने, शिक्षणाने जो माणूस त्यांचा नमुना म्हणून दाखवता आला असता, तोच उठून सांगत होता की मी भारतीय आहे.

१८ जून आणि नंतर

जून १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया तब्येतीच्या कारणाने विश्रांतीला गोव्यात आले. असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस या मित्राकडे उतरले. विश्रांती बाजूलाच राहिली. लोक भेटायला येऊ लागले, गाऱ्हाणी सांगू लागले. १८ जूनला मडगावात भर पावसात सभा झाली, बंदी मोडून झाली. लोहिया आणि मिनेझिस यांना अटक झाली. त्या दिवशी गोव्यातल्या माणसाची भीती मोडली असे म्हणतात ते खरेच आहे. आजही तो दिवस क्रांतिदिन म्हणून पाळला जातो.

लोहियांना पोलिसांनी गोव्याबाहेर सोडले, पण चळवळ थांबली नाही. आता सूत्रे कुन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे आली. जूनअखेरीस मडगावात भरलेली सभा पोलिसांनी बळाने मोडली. तिथे कुन्हा होते आणि त्यांची भाची, मिनेझिस ब्रागांझा यांची मुलगी बर्टा हीदेखील होती. महात्मा गांधींनी हरिजनमधून गोव्यातल्या दडपशाहीविरुद्ध लिहिले. जुलैमध्ये कुन्हा यांना अटक झाली. आग्वाद किल्ल्यातल्या अंधाऱ्या, ओल धरलेल्या कोठडीत त्यांना ठेवले. पावसाळ्यात मांडवीच्या मुखावरच्या त्या किल्ल्यात भिंतींना कशी ओल येते, हे तिकडे जाऊन आलेल्यांना माहीत आहे. मग लष्करी कोर्ट, आठ वर्षांची शिक्षा आणि पोर्तुगालला रवानगी.

पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे, जुझे इनासियु लोयोला यांनाही त्या सुमारास शिक्षा ठोठावून पोर्तुगालला धाडण्यात आले. दोन कॅथलिक, तीन हिंदू. लिस्बनच्या दाव्याला उत्तर म्हणून एवढी यादीही पुरे आहे.

कुन्हा कोठडीत असतानाच, ऑगस्ट १९४६ मध्ये, बेळगाव जिल्ह्यातल्या लोंढ्याला गोव्याचे वेगवेगळे गट एकत्र आले आणि नॅशनल काँग्रेस गोवा ही संघटना जन्मली. लोंढा म्हणजे गोव्याच्या रेल्वेचे तोंड. कॅसलरॉक, कुळे करत मुरगावला जाणारी गाडी इथूनच सुटायची. बेळगाव पुढे या संघटनेचे मोठे ठाणे झाले आणि पीटर आल्वारिस यांनी इथूनच सत्याग्रहाची सूत्रे हलवली. या घडामोडींमागे ज्याने अठरा वर्षे जमीन नांगरली, तो त्या वेळी कैदेत होता.

पेनिश

लिस्बनच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर अटलांटिकमध्ये घुसलेले एक टोक आहे. तिथला पेनिशचा किल्ला १९३४ पासून सालाझारने राजकीय कैद्यांचा तुरुंग केला होता. तीन बाजूंना खवळलेला समुद्र, वारा सतत. पोर्तुगालमधले सालाझारचे विरोधक, कम्युनिस्ट, प्रजासत्ताकवादी इथे डांबले जात. १९७४ ची क्रांती होईपर्यंत हा तुरुंग चालला, आता तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. गोव्याच्या पाचजणांना याच किल्ल्यात ठेवले गेले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. या काळात भारत स्वतंत्र झाला. १५ ऑगस्ट १९४७ ला ज्या माणसाने पंचवीस वर्षे भारताच्या स्वातंत्र्यावर लिहिले होते, तो हजारो मैलांवर परक्या किल्ल्यात बंद होता. नवे सरकार आले, राज्यघटना झाली, देश प्रजासत्ताक झाला. गोवा मात्र होता तिथेच.

१९५० च्या सुमारास त्यांची तुरुंगातून सुटका झाली. पण सुटका म्हणजे मोकळीक नव्हे. त्यांना पोर्तुगाल सोडायला बंदी होती. किल्ल्याऐवजी आता अख्खा देशच तुरुंग. साठीला टेकलेला माणूस, दडपशाहीखालचा देश, मायदेशी जायला परवानगी नाही. १९५२ मध्ये ते तिथून निसटले आणि फ्रान्सला पोचले. ज्या पॅरिसमध्ये लिहायला सुरुवात केली होती, तिथेच पुन्हा आसरा मिळाला. सप्टेंबर १९५३ मध्ये ते मुंबईत उतरले.

तोवर गोव्याच्या प्रश्नावर भारताचा धीर सुटत चालला होता. जून १९५३ मध्येच भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली होती.

फ्री गोवा

बासष्टाव्या वर्षी, तुरुंगवास भोगून आलेल्या माणसाने विश्रांती घेतली असती तरी कुणी बोट दाखवले नसते. कुन्हा यांनी मुंबईत फ्री गोवा हे इंग्रजी पाक्षिक काढले. जगातल्या वृत्तपत्रांना, दूतावासांना, परदेशातल्या मित्रांना गोव्याची खरी परिस्थिती कळावी, हा त्याचा उद्देश. पोर्तुगाल १९५१ मध्ये वसाहतींना सागरपारचे प्रांत म्हणू लागला होता. नाव बदलले की वसाहत राहत नाही, असा तो हिशेब. १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत आला आणि तिथेही हेच पालुपद. अशा वेळी लिस्बनचा प्रत्येक दावा कागदोपत्री खोडणारे, पोर्तुगीज कायदा आणि पोर्तुगीज राजकारण आतून ओळखणारे पत्र हवेच होते. बर्टा या कामात त्यांच्याबरोबर होत्या.

दुसरे काम होते ते गोवेकरांच्या गटांना एकत्र आणण्याचे. त्यासाठी त्यांनी गोवा ॲक्शन कमिटी स्थापन केली. गोव्याच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या संघटना तेव्हा अनेक होत्या. कुणाचा भर सत्याग्रहावर, कुणाचा हत्यारावर, कुणाला गोव्याचे वेगळेपण राखायचे होते, कुणाला लगेच विलीनीकरण हवे होते. या कामात कुन्हा यांना मर्यादितच यश आले. गट शेवटपर्यंत गटच राहिले. लेखणी चालवणाऱ्याला संघटना बांधता येतेच असे नाही. त्यांच्या कामाची उंची मोजायची ती इथे नव्हे.

१९५४ मध्ये दादरा नगर हवेली सुटली. १९५५ मध्ये नानासाहेब गोरे, सेनापती बापट, मधु लिमये, सुधाताई जोशी यांच्यासारखी माणसे सत्याग्रहात उतरली आणि १५ ऑगस्टला सीमेवर निःशस्त्र लोकांवर गोळ्या चालल्या. महाराष्ट्र आणि सीमाभाग गोव्याच्या प्रश्नाने ढवळून निघाला. पण त्यानंतर भारत सरकारने सत्याग्रहींना सीमा बंद केली आणि प्रश्न पुन्हा कागदावर, पत्रव्यवहारावर, आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या युक्तिवादांवर आला. लोकांचा उत्साह ओसरला. फ्री गोवा मात्र निघत राहिले. मोठ्या चळवळीच्या लाटेवर सगळेच लिहितात. लाट ओसरल्यावर दर पंधरवड्याला अंक काढणे किती जड जाते, ते छोटे पत्र चालवणाऱ्यांनाच ठाऊक.

२६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत कुन्हा यांचे निधन झाले. वय सदुसष्ट. मुक्त गोवा त्यांना पाहायला मिळाला नाही. तो दिवस उजाडायला अजून तीन वर्षे आणि काही महिने होते. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले, कारण गोव्याच्या मातीत जागा मिळणे शक्यच नव्हते. पुढच्या वर्षी जागतिक शांतता परिषदेने त्यांना मरणोत्तर सुवर्णपदक दिले. त्यांच्या लेखांचा संग्रह १९६१ साली मुंबईत पुस्तकरूपाने निघाला. आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

शिवडीहून त्यांचे अवशेष गोव्यात आणायला १९८६ साल उजाडावे लागले. पणजीच्या आझाद मैदानात, जुन्या दगडी खांबांच्या मंडपात ते ठेवण्यात आले. पोर्तुगीज काळात या चौकाला आफोंसो द आल्बुकर्कचे नाव होते, आणि १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या त्या आल्बुकर्कचा पुतळा याच मंडपात उभा होता. मुक्तीनंतर तो जुन्या गोव्यातल्या संग्रहालयात हलवला गेला.